सासरच्या माणसाचं नाव

आत-बाशी, ४ मार्च

कुरळे,

बरणी मिळाली. धुतलेली, पुसलेली, झाकण घट्ट लावलेली. आणि रिकामी.

टॅक्सीवाल्या सामातने ती माझ्या हातात दिली तेव्हा त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाला, "काकू, मी नाही हं खाल्लं. त्यांनी अशीच दिली." मी म्हटलं, "तुझ्यावर कुणी आळ घेतलाय का?" तो गाडी वळवून निघून गेला, मी बरणी घेऊन फाटकात उभी.

आपल्याकडे भांडलेली माणसंसुद्धा भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर साखरेचा एक खडा टाकतात. तू तुझ्या आईच्या हाताखाली वाढलीस, तुला हे ठाऊक नाही असं होणार नाही. तेव्हा रिकामी बरणी हेच तुझं पत्र असं मी धरून चालते, आणि हे त्याचं उत्तर.

फोनवरच बोलले असते. पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी तुझे दादा फोन एवढ्या मोठ्या आवाजात लावून बसतात की सगळ्या गल्लीला ऐकू जातं. हे गल्लीने ऐकण्यासारखं नाही.

गोष्ट अशी झाली. पानगळीच्या दिवसांत आम्ही बायका शेजारच्या उलकानच्या अंगणात अंथरायचा नमदा वळत होतो. लोकर चटईत गुंडाळली होती, वर कढत पाणी ओतलं होतं, आणि ती वळकटी लाथांनी ढकलत आम्ही अंगणभर फिरत होतो. माझ्या पायावरून काहीतरी ऊन ऊन ओघळलं. मला वाटलं पाणी. पाणी नव्हतं. जे बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती ते पुन्हा सुरू झालं होतं. उलकानच्या कानात सांगितलं तर ती म्हणते, "अगं, तरुणपण परत आलं तुझं! मेंढी काप, गावजेवण घाल." मीही हसले आणि वळकटी ढकलत राहिले. थांबलं. मग हिवाळ्यासाठी घोडा कापला, आतडी धुवायला बसले, तेव्हा परत. मी कुणाला बोलले नाही. शेवटी धुण्यात नाझिकला दिसलं. सून गरीब वाटते, पण तिचे डोळे पोलिसाचे आहेत. तिने मला सामातच्या गाडीत कोंबलं आणि नारीनच्या इस्पितळात नेलं.

तिथली डॉक्टर पेरिझात म्हणून आहे. माझ्या धाकट्याच्या वयाची, हात बर्फासारखे गार. तिने आतून खरवडून काहीतरी तपासायला पाठवलं, आणि परवा समोर बसवून सांगितलं, "मावशी, पिशवीतल्या पेशी बिघडायला लागल्यात. वाईट रोग अजून नाही, पण त्या वाटेला लागल्यात. पिशवी काढून टाकली की विषय संपला. नाहीतर गोळ्या घ्या, दर तीन महिन्यांनी या, मी पुन्हा खरवडते, आणि मधले दिवस आपण दोघी देवाचं नाव घेत बसू."

"आणि असं करता करता?"

"एखाद्या वेळी तुम्ही उशिरा याल."

मी म्हटलं, विचार करते. ती म्हणाली, "करा. तुम्ही विचाराला जेवढा वेळ घ्याल तेवढा त्या पेशींनाही मिळेल." पोरगी तिखट आहे. मला आवडली.

मग तिने विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का? मी सांगितलं, माझी आई उन्हाळी कुरणावर गेली, रक्त जाऊन जाऊन. लोक म्हणाले नजर लागली. मावशीचंही तसंच झालं. पेरिझातने मान वर केली. "बहिणी?" नाहीत. "मुली?"

"नाही," मी म्हटलं. "दोन मुलगेच."

खोटं बोलायचं म्हणून नाही बोलले. चाळीस वर्षं हेच उत्तर देत आले आहे. थोरलं मूल सासूबाईंचं. कागदावर आई म्हणून त्यांचं नाव, त्यामुळे तू माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण, मी तुझी वहिनी, आणि तुझा बाप तुझा दादा. पद्धतच आहे. निम्म्या गावाचं थोरलं पोर आजी-आजोबांचं म्हणून वाढलंय.

परत येताना, घाटात गाडी धापा टाकत होती तेव्हा, माझ्या डोक्यात उजेड पडला. पेरिझात नात्याचं विचारत नव्हती, रक्ताचं विचारत होती. आणि रक्ताच्या हिशेबाने मला एक मुलगी आहे. चाळिशीची आहे, बिश्केकला शिवणाच्या कारखान्यात कापड कापते, आणि वर्ष झालं माझ्याशी बोलत नाही.

तर सांगायचं एवढंच. जा आणि दाखवून ये. डॉक्टरने विचारलं की आईला काही होतं का, तर सांग, आहे. तू म्हणशील माझी आई एक्क्याण्णवाव्या वर्षी सगळं जागच्या जागी घेऊन गेली. खरं आहे, बाई खणखणीत होती. पण या बाबतीत तू तिच्यावर गेलेली नाहीस. जाऊच शकत नाहीस. वाईट वाटून घेऊ नको, मलाही तुला हे द्यायचं नव्हतं.

बरणीत पुन्हा तूप भरून पाठवते आहे. खा, नाहीतर टाकून दे, पण बरणी परत कर. तिचं झाकण चांगलं आहे.

सालकिन


आत-बाशी, २३ मार्च

कुरळे,

नौरूझचा सण पार पडला. तुझं उत्तर नाही, बरणीही नाही. बरणी नाही याचा अर्थ तूप निदान टाकून तरी दिलं नसशील.

इकडे माझ्या पिशवीवर सगळ्यांनी मत देऊन झालं. आधी तुझ्या दादांना सांगितलं. खोगिराला तेल लावत बसले होते.

"डॉक्टर म्हणते काढायला लागेल."

"काय काढायला लागेल?"

"पिशवी."

"कसली पिशवी?"

"तुमची पोरं जिच्यातून आली ती."

ते उठले आणि घोडा बघायला गेले. बऱ्याच वेळाने परत आले आणि म्हणाले, "घोड्याला बरं आहे." त्यानंतर त्यांनी विषय काढलेला नाही. पण रोज सकाळी विहिरीवरून पाणी आता ते आणतात. लग्नापासून हे पहिल्यांदाच. गल्लीतल्या बाया दारात उभं राहून बघतात.

उलकान म्हणते, "नको गं. माझ्या नणंदेची काढली, तेव्हापासून ती टीव्हीवरच्या मालिका बघून रडते."

"ती आधीही रडायची."

"आधी गाणी ऐकून रडायची."

नाझिक बाळाला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, काढून टाका. मेलेल्या बाईची पिशवी कुणाला हवी आहे?" आमच्या वेळी सासूसमोर असं तोंड उघडलं असतं तर माहेरी पोचवलं असतं. मी काही बोलले नाही, कारण पोरीचं खरं होतं.

सगळं खरं आहे, तरी माझ्याच्याने हो म्हणवत नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्याऐवजी दुसरं काहीतरी लिहिते. तू तिथे होतीस, तुझं तुला आठवत असेल. मी माझं सांगते.

तुझ्या आईला माती देऊन पुरुष परत आले होते. तंबूत आम्ही बायका रडून रडून घसे बसवून घेतले होते आणि चहाचे वाडगे नुकते हातात आले होते. तेव्हा मधले काका आले, त्यांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं आणि तुला म्हणाले, "पोरी, रडू नको. एक आई गेली, दुसरी ही बघ उभी आहे. आता हिला आई म्हण." म्हाताऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

तू डोळे पुसलेस. म्हणालीस, "माझी आई एकच, आणि तिला आत्ता तुम्ही मातीत ठेवून आलात. ही माझी वहिनी. चाळीस वर्षांत हिने एकदासुद्धा माझं नाव घेतलेलं नाही. आई म्हणे!"

आणि मग तू माझ्याकडे बघत राहिलीस. सगळ्या बायका वाडगे हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. तू कशाची वाट बघत होतीस ते मला कळलं होतं. मी गप्प बसले. तू चपला घातल्यास आणि सामातच्याच गाडीने गेलीस.

माझं चुकलं असं मी लिहिणार नाही. सासूबाईंची गादीसुद्धा अजून गुंडाळली नव्हती. सासरच्या माणसाचं नाव सुनेने घ्यायचं नसतं. सासऱ्यांचं, दिरांचं, नवऱ्याचं, धाकट्या नणंदेचंसुद्धा. हे मी केलेलं नाही, मी आले तेव्हा होतंच. तू झालीस तेव्हा मी एकोणीस वर्षांची. पहिले काही दिवस तुला नुसतं 'बाळ' म्हणत होते. चाळिसाव्या दिवशी तुझं जावळ काढलं, ज्याला आपण पोटाचे केस म्हणतो ते. काळेभोर आणि कुरळे. सासूबाईंनी तुला मांडीवर घेतलं, त्यांनी ठरवलेल्या नावाने सगळ्यांसमोर तीनदा हाक मारली, आणि तिथून पुढे तू माझं सासरचं माणूस झालीस. आता तुला काहीतरी म्हणायला तर हवं होतं. केस माझ्या पुढ्यातच पडले होते. म्हणून कुरळी.

दूध मीच पाजत होते. सासूबाई समोर बसून असायच्या, तुझं पोट भरलं की हात पुढे करायच्या. दुष्ट नव्हत्या. माझ्यासाठी रोज आटवलेलं दूध ठेवायच्या, वर म्हणायच्या, "पी, माझ्या मुलीला कमी पडायला नको."

दाखवून आलीस का ते कळव.

सालकिन


आत-बाशी, १७ एप्रिल

कुरळे,

बरणी आली. आत साखरेचा एक खडा. फक्त एक.

मी लिहिलं होतं तेच तू शब्दाला शब्द पाठवलंस. उलकान म्हणाली, ही शिवी आहे. नाझिक म्हणाली, ही थट्टा आहे, थट्टा म्हणजे राग उतरला. मी खडा खिडकीत ठेवला, म्हटलं दोन दिवस बघत बसू. संध्याकाळी येऊन बघते तर नाही. तुझ्या दादांनी चहात टाकून घेतला होता. मी ओरडले तर म्हणतात, "साखरच होती ना?" चाळीस वर्षांचा संसार या माणसाशी केला.

मी परत नारीनला जाऊन आले. एकटी. पेरिझातला म्हटलं, "मागच्या वेळी एक सांगायचं राहिलं. मला मुलगी आहे."

"राहिलं?" ती म्हणाली. "मुलगी सांगायची राहिली?"

"थोरली. सासूबाईंकडे वाढली."

"अच्छा," म्हणाली. तिच्या घरीही थोरला भाऊ असाच आहे, त्याला ती काका म्हणते. "मग तिला लगेच तपासायला हवं. बिश्केकला माझी मैत्रीण याच विभागात आहे. मी आत्ता फोन करते. मुलीचं नाव सांगा."

मी डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"मावशी, नाव."

"कुरळी," मी म्हटलं.

"हे पासपोर्टवरचं आहे?"

"नाही."

"मग पासपोर्टवरचं?"

तोंड उघडलं, पण जीभ हलेना. तुला वाटेल मी वाढवून सांगते आहे. तोंडात गरम बटाटा धरून बसलेल्या माणसासारखी मी त्या खुर्चीत बसले होते. पेरिझातच्या लक्षात आलं. फोन खाली ठेवला तिने. "सासूबाई जाऊन वर्ष झालं ना?" "हो." "मग इथे आहे कोण ऐकायला? मी आहे, आणि तो भिंतीवरचा सांगाडा." तो सांगाडा छापील होता, पण मला त्याच्यासमोरही नाव घेता येईना.

शेवटी मी नाझिकला फोन लावला आणि डॉक्टरच्या हातात दिला. नाझिकने तुझं नाव आणि आडनाव असं खणखणीत सांगितलं की मला पलीकडे ऐकू आलं. हल्लीच्या सुनांना कसलंच ओझं नाही. तिच्या तोंडात तुझं नाव केवढं सोपं होतं! मला रडू आलं. डॉक्टरला वाटलं मी पिशवीसाठी रडते आहे.

तसं बघितलं तर तेही खरंच होतं. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की हो का म्हणवत नाही ते सांगता येत नाही. आता येतं.

तुझ्या जन्माचा कागद सासूबाईंच्या नावाचा. तुझी पहिली पावलं त्यांच्या खोलीत पडली. तुझं लग्न त्यांनी लावलं, तुझ्या सासूबाईंच्या शेजारी त्या बसल्या, मी मागे चहाचा समोवार सांभाळत होते. तुझ्या तिन्ही मुलांच्या वेळी बाळंतविडा त्यांच्या हातून गेला. मी कुठेही नाही. मला राग नाही, मी सांगते आहे. पण पहिले नऊ महिने आपण दोघीच होतो. तिथे सासूबाई मध्ये बसलेल्या नव्हत्या, कुणी हात पुढे करत नव्हतं. तू माझी होतीस याची अख्ख्या जगात ती एकच जागा आहे. ती काढून तबकात टाकायची आणि वर म्हणायचं, बरं झालं, त्रास गेला. मला ते जमत नाही.

हे असं कुणाला सांगणार? तुझ्या दादांना सांगितलं तर ते पुन्हा घोडा बघायला जातील.

पेरिझातची मैत्रीण तुला फोन करेल. माझा उचलत नाहीस, तिचा उचल.

सालकिन


आत-बाशी, १४ मे

कुरळे,

बरणी मिळाली, गळ्यापर्यंत जर्दाळूंनी भरलेली, आणि त्यांच्यात खुपसलेली तुझी चिठ्ठी. आणि वेगळ्या कागदात गुंडाळलेला झगा. चिठ्ठी आधी वाचली.

तुला विसर पडला असेल तर तुझेच शब्द तुला परत देते: 'वहिनी, दाखवलं. सांगितलं की आईला आहे, आजीला होतं. माझंही तसंच निघालं. डॉक्टर म्हणतात मुलं झालीत, काढून टाका. मी काढणार नाही. आणि मला शिकवू नका. तुम्ही स्वतः पानगळीपासून टाळत बसलाय.'

पहिल्यांदा मी जर्दाळू खाल्ले. चार-पाच, एकापाठोपाठ एक. दुसरं काही सुचेना. मग अंगणात गेले, लोकर वाळत घातली होती ती पालथी केली. मग परत आत येऊन चिठ्ठी वाचली, तर त्यात तेच लिहिलेलं.

मला वाटत होतं हे मी माझ्यापुरतं ठरवते आहे. म्हातारी बाई, तिची पिशवी, तिचं मन. आणि तू तिकडून बघत होतीस. चाळीस वर्षांत तू माझी एक गोष्ट उचलली नाहीस. स्वयंपाक सासूबाईंसारखा, चालणं त्यांच्यासारखं, रागसुद्धा त्यांचाच. आणि आता उचललीस ती नेमकी टाळाटाळ!

मला भीती वाटली, कुरळे. माझ्यासाठी नाही वाटली एवढी तुझ्यासाठी वाटली. माझ्या आईला मी कुरणावर जीव सोडताना बघितलं आहे. तेव्हा मी लहान होते, पण कळण्याइतकी मोठी होते. शेवटच्या दिवशी तिला उचलून बसवलं तर ती कोकराएवढी हलकी होती. मी तुला त्या जागी ठेवून बघितलं आणि लगेच पेरिझातला फोन लावला. दादा शेजारी होते, फोन मोठ्या आवाजात होता, गल्लीला काय ऐकायचं ते ऐकू दे.

"काढ," मी म्हटलं. "तारीख दे."

"झाला विचार करून?" पेरिझात म्हणाली.

"विचार करायला आता दुसरी बसली आहे. मी आधी करून दाखवते."

जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. गुरं कुरणावर जायची वेळ नेमकी तीच. यंदा तुझे दादा एकटे वर जातील आणि उन्हाळाभर कोरडी रोटी चावतील, त्याला इलाज नाही.

इस्पितळात सोबतीला बाईमाणूस लागतं. नाझिकचं बाळ अजून अंगावर पितं. उलकान यायला तयार आहे, पण ती शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांची लग्नं जुळवत बसेल. तू ये असं मी म्हणत नाही. तुझं काम आहे, मुलं आहेत. नुसतं कळवते आहे.

झगा घालून बघितला. पुढून बटणं, पोटाशी सैल, आतून शिवण कुठेही टोचत नाही. माप कुणी दिलं तुला? मला वर्षभरात बघितलेलं नाहीस, आणि खांदा सूतभरही चुकलेला नाही.

सालकिन


आत-बाशी, २५ जून

वर तुझ्या नावाची जागा मोकळी सोडली आहे. शेवटी बघू.

तू तिथे होतीस, तरी मी माझं सांगते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला तुझा झगा घालून बाकावर बसवलं होतं. उलकान सोबत आली होती, पण दारावरच्या रखवालदाराने तिला बाहेर ठेवलं, कारण आदल्या दिवशी तिने आत येऊन दोन स्थळं आणि एक घटस्फोट ठरवला होता. मला एकटीला बरंच वाटलं. भीती वाटत होती, आणि भ्यायला एकान्त लागतो.

तेवढ्यात काचेच्या दारापलीकडे तू दिसलीस. हातात बरणी. रखवालदार तुझ्यासमोर आडवा. तो ओरडला, "आजी! ही बाई म्हणते तुमच्याकडे आली आहे. रोज दहाजणी घुसतात. ओळखता का हिला?"

तू त्याला काही सांगू शकली असतीस. सांगितलं नाहीस. बरणी छातीशी धरून माझ्याकडे बघत उभी राहिलीस. अगदी तशीच, गेल्या वर्षीसारखी. बाकावरच्या बायकाही बघायला लागल्या. फक्त त्यांच्या हातात वाडगे नव्हते.

मी उठले. झग्याची बटणं धरली. आणि तुझं नाव घेतलं.

हळू येईल असं वाटलं होतं, पण फार मोठ्याने आलं. कुरणावर गुरं वळवताना ओरडतो तसं. पलीकडच्या खोलीतून नर्सने डोकं बाहेर काढलं. मला वाटलं आता छत कोसळेल, नाहीतर सासूबाई कुठूनतरी घसा खाकरतील. काही झालं नाही. रखवालदार म्हणाला, "नाव घेऊन मी काय करू? कोण लागते ते सांगा!"

माझ्यात होतं नव्हतं ते सगळं त्या नावात संपलं होतं. तेव्हा तू म्हणालीस, "मुलगी आहे मी त्यांची. सरका बाजूला, बरणी जड आहे."

तो सरकला.

मग तू आत आलीस, बरणी बाकाखाली ठेवलीस, आणि म्हणालीस, "वहिनी, पाय वर घ्या, फरशी गार आहे." मला हसू आलं. तुला कळलं नसेल का ते. रखवालदारासाठी मुलगी आणि माझ्यासाठी वहिनी. राहू दे. तुझ्याही जिभेला चाळीस वर्षांची सवय आहे, तिला मी घाई करणार नाही. शिवाय 'वहिनी' मला तुझ्याच आवाजात ऐकू येतं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

पेरिझातशी काल बोलणं झालं. पिशवीत जे होतं ते पिशवीतच होतं, बाहेर कुठे गेलेलं नाही. म्हणाली, आणखी वर्षभर विचार केला असतात तर आपलं बोलणं वेगळं झालं असतं.

उलकान रोज येऊन विचारते, "हलकी झालीस का?" मी म्हणते, टाके दुखतात. रिकामं वाटतं का, हे मी स्वतःलाही विचारून बघितलं. वाटत नाही. मी लिहिलं होतं की तू माझी होतीस याची एकच जागा आहे. ते तेव्हा खरं होतं. आता नारीनच्या इस्पितळातली खिडकीजवळची खाटही धरावी लागेल. तू तिथे माझ्या पायथ्याशी वळकटी टाकून झोपत होतीस, मला चमच्याने सूप भरवत होतीस, आणि मध्ये कुणी हात पुढे करत नव्हतं. एकदा तू भरवताना घाई केलीस, सूप सांडलं, आणि झग्यावर डाग पडला म्हणून मलाच रागावलीस. सासूबाई अशाच रागवायच्या. मला त्यांची आठवण आली, आणि बरं वाटलं.

तुझी तारीख सप्टेंबरची आहे हे तू जाताना गाडीत बसल्यावर सांगितलंस, दार लावता लावता, मी काही बोलायच्या आत. ठीक आहे. मी येते आहे. तोवर जड उचलायची परवानगी मिळेल. बरणी भरून आणीन. दारावरच्या माणसाने विचारलं कोण, तर तू सांगितलंस तेच नातं सांगीन.

आणि नावाचा सराव चालू आहे. काल चुलीपाशी बसून चारदा म्हटलं. तुझे दादा कुरणावरून मीठ न्यायला खाली आले होते, त्यांनी ऐकलं. "कुणाला हाका मारतेस?" म्हणाले.

"आपल्या मुलीला," मी म्हटलं.

ते दारातूनच वळले. मग घोडा बघायला गेले. खिडकीतून दिसत होतं, घोड्याच्या मानेवर कपाळ टेकून उभे होते.

वर जागा सोडली होती तिथे आता लिहीत नाही, नंतर भरलेलं दिसून येईल. इथेच लिहिते, सावकाश.

आसिलकान.